दुरुस्तीलाही मोल द्या: मुंबईच्या महापालिका आयुक्तांना खुले पत्र

प्रति,
मा. आयुक्त, बृहन्मुंबई महानगरपालिका,
महापालिका मार्ग, फोर्ट, मुंबई.



९ ऑक्टोबर २०२५ रोजी भुयारी मेट्रो थेट कफ परेडपर्यंत धावू लागली आणि काळबादेवीतून पुन्हा रूळ गेले. १८७४ साली मुंबईत घोड्यांची ट्राम सुरू झाली, तेव्हा तिच्या पहिल्या मार्गांपैकी एक बोरीबंदरहून काळबादेवीमार्गे पायधुणीला जात होता. १९६४ साली ट्राम बंद झाली. त्यानंतरची साठ वर्षे मरीन लाइन्सला, चर्नी रोडला किंवा मशीदला उतरायचे आणि गर्दीतून वाट काढत बाजार गाठायचा, हीच रीत होती. आता आरेला गाडीत बसलेला माणूस काळबादेवीच्या पोटात उतरतो आणि सरकत्या जिन्याने मुंबादेवीच्या अंगणात येतो. जुन्या मुंबईवर एवढा पैसा गेल्या कित्येक पिढ्यांत कुणी खर्च केला नव्हता.

या मार्गावरच्या दोन स्थानकांमधून वर येऊन पाहावे. हुतात्मा चौकात बाहेर पडले की १८६४ सालचे फ्लोरा फाउंटन दिसते. २०१९ मध्ये ते रंगाचे थर उतरवून, फुटलेले नळ बदलून पुन्हा वाहते झाले. आजूबाजूच्या इमारतींचे दगड धुतलेले आहेत, कमानी उजेडात आहेत. मधली दोन स्थानके सोडून गिरगावात वर आले की दिसतात टेकू लावलेल्या गॅलऱ्या, वडाची रोपे उगवलेल्या भिंती, आणि त्यांच्या डोक्यावरून वर गेलेले काचेचे टॉवर. एकच शहर, एकाच काळात बांधलेले. एका भागात जुने सांभाळले गेले, दुसऱ्यात ते पडायची वाट पाहिली जात आहे. या पत्राचा विषय हा फरक आहे आणि त्याचे कारण नियमांत आहे: जुन्या मुंबईत इमारत पाडली तर मोबदला मिळतो, सांभाळली तर मिळत नाही.

फोर्टचे जे भले झाले ते आपोआप झाले नाही, म्हणून ते नीट आठवले पाहिजे. १९९५ साली मुंबईची वारसा नियमावली आली. देशातली ती पहिली. तिने इमारतींची प्रतवारी केली आणि दादाभाई नौरोजी रस्त्यावरच्या मालकाला सांगितले की दर्शनी भागाला हात लावण्याआधी विचारावे लागेल. त्या रस्त्यावर दुकानांच्या पाट्यांना शिस्त लागली, कमानी झाकणारे फलक उतरले. १९९८ मध्ये काळा घोडा असोसिएशन उभी राहिली, पुढच्याच वर्षी तिचा महोत्सव सुरू झाला, आणि वाहनतळ म्हणून ओळखला जाणारा भाग लोक मुद्दाम फिरायला येण्याचा भाग झाला. ओव्हल मैदानाच्या दोन्ही बाजूंची व्हिक्टोरियन गॉथिक आणि आर्ट डेको वास्तुमाला २०१८ मध्ये जागतिक वारसा यादीत गेली. त्या प्रस्तावामागे तिथल्या रहिवाशांच्या संघटनांनी वर्षानुवर्षे केलेले काम होते.

यातली सगळ्यांत चांगली कामे इमारत वापरात ठेवूनच झाली. १८७० सालचे डेव्हिड ससून ग्रंथालय घ्या. नंतरच्या काळात त्याचे उतरते छप्पर काढून वर काँक्रीटचा सपाट माथा घातला गेला होता. तो गळत होता आणि खालच्या जुन्या भिंतींवर भार टाकत होता. २०२३ मध्ये पूर्ण झालेल्या कामात तो माथा काढला, मूळचे उतरते छप्पर परत आणले, आणि खाली लोक पूर्वीसारखे वर्तमानपत्र उघडून बसू लागले. १९३८ सालचे इरॉस चित्रपटगृह २०१७ मध्ये बंद पडले होते. २०२४ मध्ये ते नव्या पडद्यासह उघडले. आतली रचना बदलली, बाहेरचा डौल तसाच राहिला. सोमय्या भवनातल्या किताबखाना या पुस्तकांच्या दुकानात मराठी पुस्तकांनाही जागा आहे. २०२० च्या आगीनंतर काही महिन्यांत ते दुकान पुन्हा उघडले. गिरगावच्या तोंडाशी असलेले रॉयल ऑपेरा हाउस १९९३ पासून तेवीस वर्षे कुलुपात होते. जिथे बालगंधर्वांचे गाणे झाले ते रंगमंदिर २०१६ मध्ये पुन्हा उजळले आणि पुढच्याच वर्षी युनेस्कोच्या आशिया-पॅसिफिक पारितोषिकाचे मानकरी ठरले.

आपण स्वतः १८९३ सालच्या इमारतीत बसता. वास्तुविशारद स्टीव्हन्सने बांधलेल्या त्या घुमटाखाली रोज हजारो माणसांची कामे होतात, लिफ्ट चालतात, संगणक चालतात. इमारत जुनी झाली म्हणून ती पाडून तिथे टॉवर बांधावा असे कुणी म्हणत नाही. भायखळ्याचे भाऊ दाजी लाड संग्रहालयही महापालिकेचेच. इंटॅक आणि जमनालाल बजाज प्रतिष्ठान यांच्याबरोबर महापालिकेने ते असे दुरुस्त केले की २००५ साली युनेस्कोचे सर्वोच्च पारितोषिक त्याला मिळाले. म्हणजे दुरुस्ती कशी करायची हे या महापालिकेला ठाऊक आहे.

पण ही सारी कामे स्मारकांची, ग्रंथालयांची, चित्रपटगृहांची. त्यांतल्या कशातच रात्री चूल पेटत नाही.

जुने पाडून नवे बांधणे हा मुंबईला काही अपघात नाही. गव्हर्नर बार्टल फ्रियरने १८६० च्या दशकात किल्ल्याचे तट पाडले म्हणूनच आजचा फोर्ट उभा राहिला. अमेरिकेतल्या यादवी युद्धाने कापसाला सोन्याचा भाव आणला, त्या पैशातून या इमारती झाल्या. बॅलार्ड इस्टेट आणि मरीन ड्राइव्ह समुद्र हटवून उभे केले गेले. त्यामुळे नव्या बांधकामाला विरोध हा या पत्राचा सूर नाही. अडचण वेगळी आहे. आधीच्या पिढ्यांनी नवे बांधले तेव्हा शहरात माणसे वाढली. आता जुन्या भागात नवे बांधले जाते आणि माणसे कमी होतात. २००१ च्या जनगणनेत मुंबई शहर जिल्ह्याची लोकसंख्या ३३ लाख ३८ हजार होती, २०११ मध्ये ती ३० लाख ८५ हजारांवर आली. दहा वर्षांत अडीच लाख माणसे कमी. त्यातच कचेऱ्या वांद्रे-कुर्ला संकुलात गेल्या. ऑपेरा हाउसच्या पंचरत्न इमारतीतला हिऱ्यांचा व्यापारही २०१० पासून तिकडे सरकला आणि त्याच्या भोवतीच्या खानावळींचे दुपारचे गिऱ्हाईक गेले.

चाळींची कथा आपल्या खात्यांना तोंडपाठ असेल, तरी तिचा सांधा इथे सांगणे भाग आहे. १९४७ च्या कायद्याने भाडी १९४० च्या पातळीवर गोठली. युद्धानंतरच्या टंचाईत ते योग्यच होते; नाहीतर गिरणीतला कामगार आणि पेढीवरचा कारकून रस्त्यावर आला असता. पण टंचाई संपली तरी गोठलेले भाडे वितळले नाही. मालकाच्या हाती महिन्याला शे-दोनशे रुपये पडू लागले, आणि तेवढ्यात जिन्याची एक पायरीही बदलता येत नाही. भाडेकरूने पागडी देऊन खोली घेतलेली, तिच्यावर त्याचा हक्क, पण इमारत त्याची नाही. दोघांपैकी कुणालाच दुरुस्ती परवडेना किंवा करावीशी वाटेना. इमारती पडू लागल्या तेव्हा १९६९ साली दुरुस्ती मंडळाचा कायदा झाला आणि १९,६४२ इमारतींवर उपकर बसला. आज त्यांतल्या सुमारे तेरा हजार उरल्या आहेत. उपकर महापालिका वसूल करते, दुरुस्ती म्हाडाचे मंडळ करते, आणि त्या दुरुस्तीच्या खर्चाला चौरस मीटरमागे ठरलेली मर्यादा आहे. मर्यादेवर खर्च गेला की भाडेकरूंनी स्वतःच्या खिशातून भरायचा, नाहीतर इमारत पुनर्विकासाच्या रांगेत जाऊन उभी राहते.

पुनर्विकासाचे गणित मात्र उदार आहे. विकास नियमावलीतल्या ३३(७) खाली उपकरप्राप्त इमारत पाडली की तीन एफएसआय, म्हणजे भूखंडाच्या तिप्पट चटईक्षेत्र. भाडेकरूला किमान ३०० चौरस फुटांचे मालकीचे घर, वर विकायला मजले. ३३(९) खाली बेटावरच्या शहरात ४,००० चौरस मीटरचा समूह जमवला की चार. घराला १६० चौरस फुटांची एकच खोली असलेल्या, संडासासाठी गॅलरीच्या टोकाला रांग लावणाऱ्या कुटुंबाला ही ओढ वाटते. त्यात गैर काही नाही. ज्यांनी आयुष्य तिथे काढले त्यांना स्वतःचा संडास आणि स्वतःचे दार हवे आहे, आणि चाळीचे गोडवे गाणाऱ्यांनी त्यांच्या इच्छेला नाके मुरडू नयेत. पण या गणितात एक रकाना कोराच आहे. पाडले तर चटईक्षेत्र मिळते. न पाडता मजबूत केली, प्रत्येक खोलीत संडास नेला, जिना रुंद केला, तर मालकाला आणि भाडेकरूला काय मिळते? काहीच नाही.

म्हणून इमारती सांभाळल्या जात नाहीत, थांबवून ठेवल्या जातात. दुरुस्तीवर आज खर्च केलेला रुपया उद्याच्या टॉवरमध्ये वाया जाणार हे सगळ्यांना माहीत असते. या थांबण्याची किंमत माणसांनी मोजली आहे. ३१ ऑगस्ट २०१७ रोजी भेंडी बाजारातली हुसैनी इमारत कोसळली, ३३ माणसे गेली. १६ जुलै २०१९ ला डोंगरीत केसरबाई इमारतीचा भाग पडला. बरोबर एक वर्षाने, १६ जुलै २०२० ला, फोर्टमधल्या भानुशाली इमारतीचा भाग कोसळून दहा जण गेले. ती इमारत आपल्या मुख्यालयापासून हाकेच्या अंतरावर होती.

हुसैनी इमारत ज्या प्रकल्पात होती तो भेंडी बाजाराचा समूह पुनर्विकास प्रामाणिकपणे पाहायला हवा. २००९ मध्ये दाऊदी बोहरा समाजाच्या धर्मगुरूंनी सैफी बुऱ्हाणी अपलिफ्टमेंट ट्रस्ट स्थापन केला. साडेसोळा एकर जागा, सुमारे अडीचशे इमारती, ३,२०० कुटुंबे, १,२५० दुकाने. ट्रस्टने इमारती विकत घेतल्या, लोकांना जवळच संक्रमण घरे दिली, आणि नव्या इमारतींत किमान ३५० चौरस फुटांची मालकीची घरे देऊ केली. पहिल्या टप्प्यातले लोक परतलेही. दुकानदारांची परत येण्याची जागा आराखड्यातच ठरलेली होती, ही त्यातली सर्वांत मोलाची गोष्ट. पण हे जमले कारण एक ट्रस्ट होता, एक नेतृत्व होते, नफा हा हेतू नव्हता आणि लोकांचा त्यावर विश्वास होता. गिरगावात एका गल्लीत सात मालक, तीन देवस्थाने, दोन धर्मादाय ट्रस्ट आणि दीडशे भाडेकरू असतात. तिथे हा साचा बसत नाही. आणि एवढे सगळे जुळून आलेल्या प्रकल्पातही, नव्या घराची वाट पाहताना हुसैनी उभी राहिली नाही. पुनर्विकास होणार असला तरी मधल्या वर्षांतली दुरुस्ती टाळता येत नाही, हे त्या दिवशी कळले.

दुरुस्तीने चाळ खरेच टिकते का, असे विचारले जाते. त्यासाठी चाळीच्या आत शिरावे लागेल. गिरगावातली चाळ बहुधा लाकडी सांगाड्यावर उभी असते. सागाचे खांब, त्यांवर तुळया, तुळयांवर कड्या, कड्यांवर फळ्या, त्यावर कोबा आणि लादी. भिंती विटांच्या, चुन्यात बांधलेल्या. असा सांगाडा म्हातारपणाने मरत नाही, पाण्याने मरतो. तुळईचे जे टोक भिंतीत शिरलेले असते तिथे हवा खेळत नाही. गळके पाणी तिथे साचले की टोक आतून भुसभुशीत होते आणि बाहेरून रंग दिलेला असल्याने दिसत नाही. मोऱ्या आणि संडासांची बाजू सगळ्यांत आधी जाते, कारण तिथे बाराही महिने ओल. त्यात कुणीतरी चुन्याच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा चढवतो. भिंत वरून टणक दिसते, पण आतली ओल बाहेर पडायची थांबते आणि शेजारच्या लाकडात शिरते. जाणकार मिस्त्री आधी पाणी थांबवतो. मग कुजलेले टोक कापून तिथे सागाचा नवा तुकडा सांधतो, लोखंडी पट्ट्या आवळतो, सिमेंट खरवडून चुना लावतो, आणि मोऱ्या-संडासांचा भार जुन्या सांगाड्यावरून काढून मागच्या बाजूला वेगळ्या उभारणीवर नेतो. हे शेवटचे काम नीट झाले की घराला स्वतःचा संडासही मिळतो.

हे मुंबईत झालेले आहे. वास्तुविशारद विकास दिलावरी यांनी पारशी ट्रस्टांच्या राहत्या घरांवर अशी कामे केली. मुंबई सेंट्रलजवळचे लाल चिमणी कंपाउंड आणि गावदेवीची कामा बिल्डिंग ही सामान्य भाडेकरूंची घरे. राजवाडे नव्हेत, बँका नव्हेत. दोन्ही कामांचा युनेस्कोच्या पारितोषिकांत गौरव झाला. पण त्यांच्या पाठीशी भाड्याकडे न पाहता खर्च करणारे ट्रस्ट होते. असा ट्रस्ट नसलेल्या चाळीसाठी तेवढे पैसे नियमांतून यायला हवेत.

शेजारच्या अहमदाबादने त्याची एक वाट काढली आहे. कोटाआतल्या पोळमधल्या वारसा घराच्या मालकाला घर न पाडता त्याचे न वापरलेले बांधकामहक्क टीडीआर म्हणून विकता येतात, आणि त्या पैशातून लाकडी घर दुरुस्त होते. २०१७ मध्ये ते शहर भारतातले पहिले जागतिक वारसा शहर ठरले, ते अशा राहत्या घरांच्या बळावर. मुंबईच्या नियमांतही वारसा टीडीआर आहे, पण तो यादीतल्या इमारतींपुरता. खोताच्या वाडीत एके काळी साठेक जुने बंगले होते; आज निम्मेही उरलेले नाहीत. १८९३ साली मुंबईतला पहिला सार्वजनिक गणपती ज्या केशवजी नाईक चाळीत बसला, तिच्या आसपासच्या शेकडो साध्या चाळी तर कुठल्याच यादीत नाहीत. त्या सुंदर आहेत म्हणून नव्हे, त्यांत माणसे राहतात म्हणून त्यांना हा हक्क मिळायला हवा.

तेव्हा मागणी अशी. ज्या उपकरप्राप्त इमारतीचा सांगाडा दुरुस्तीने पुढची तीस वर्षे उभा राहील असा दाखला तज्ज्ञ देतील, तिला वारसा यादीत नसली तरी टीडीआर द्यावा. तो दुरुस्ती पूर्ण झाल्यावर, टप्प्याटप्प्याने मिळावा, म्हणजे पैसा भिंतीत जाईल. प्रादेशिक नियोजन आणि नगररचना कायद्याच्या कलम ३७ खाली नियमावलीत असा बदल सुचवण्याचा अधिकार महापालिकेचा आहे. मंजुरी राज्य देईल, पण सुरुवात आपल्या टेबलावरून होईल. ज्या इमारती सी-१ मध्ये, म्हणजे अतिधोकादायक वर्गात गेल्या आहेत, त्यांना हे लागू नाही. त्या पाडाव्यातच आणि त्यांतल्या लोकांना गोरेगाव-बोरिवलीच्या संक्रमण शिबिरांत न पाठवता याच विभागात ठेवावे. पंचवीस-तीस वर्षे तिकडे काढलेली गिरगावची कुटुंबे आहेत. त्यांच्या मुलांच्या शाळा तिकडे झाल्या, नोकऱ्या तिकडे लागल्या. ती आता परतली तरी पाहुण्यासारखी परततील.

नवे बांधकाम जिथे होईल तिथे रस्त्याच्या पातळीवर काय बांधले जाते ते सर्वांत आधी पाहावे. चिराबाजारच्या जुन्या इमारतीत तळाला दहा फुटी गाळे असतात. पुढे ओटा, आत पोटमाळा, पोटमाळ्यावर माल. एका इमारतीच्या तोंडावर टोपीवाला, फुलवाला, चष्मेवाला आणि गिरणीवाला मावतात, आणि रात्री नऊपर्यंत रस्त्यावर उजेड राहतो. तिच्या जागी टॉवर आला की खाली गेट, पहारेकऱ्याची खोली आणि वर पाच मजले मोटारींचे. त्या भिंतीसमोरून चालणाऱ्याला पन्नास पावलांत एकही दार लागत नाही. झवेरी बाजार, मूळजी जेठा मार्केट, भुलेश्वर यांचे चैतन्य या दारांत आहे. मेट्रो स्थानकापासून चालण्याच्या अंतरावर असलेल्या इमारतींना पार्किंगची सक्ती आता कमी करावी, आणि दर्शनी तळमजल्यावर जुन्या गाळेधारकांचे गाळे असल्याशिवाय परवानगी देऊ नये. लाखो माणसे जमिनीखालून येऊ लागली असताना त्यांच्या डोक्यावर मोटारींचे मजले रचण्याला काही अर्थ नाही.

पदपथांबद्दल एवढेच, की काळबादेवी आणि गिरगाव स्थानकांच्या जिन्यांवरून वर आलेल्या माणसाला हातगाडी, दुचाकी आणि बस यांच्यामधून वाट शोधावी लागते. काळा घोड्याला रस्त्यावर फरसबंदी झाली. मुंबादेवीला येणाऱ्या म्हातारीला निदान सलग चालता येईल एवढा पदपथ द्यावा.

पावसाळ्याआधी म्हाडा दरवर्षी अतिधोकादायक इमारतींची यादी जाहीर करते. लोक त्या यादीत आपल्या इमारतीचे नाव शोधतात. या वर्षी महापालिकेने म्हाडाबरोबर बसून तिच्याशेजारी दुसरी यादी लावावी: काळबादेवी-गिरगावच्या सी आणि डी विभागांतल्या, दुरुस्त करून टिकवता येतील अशा इमारतींची, प्रत्येकीपुढे खर्चाचा अंदाज आणि काम सुरू होण्याची तारीख लिहून. फेब्रुवारीत आपण अर्थसंकल्प मांडता. त्यात या यादीतल्या पहिल्या इमारतींसाठी तरतूद करा, आणि पाऊस ओसरताच त्यांच्या दारात मिस्त्री पाठवा.